तिला ताप आला, त्याला काहीच नाही

गेल्या अंकात मी या सदरात एवढंच लिहिलं होतं की फ्लूची लस घ्यायची तर पावसाळ्याआधी घ्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा अजून माझ्या टेबलावर आहे. विचारणाऱ्यांची गावं वेगळी, वयं वेगळी. पण सगळ्यांच्या मनात घोळतंय ते एकच. लस तीच, मग माणसागणिक फरक का? पाटण तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं काढली. आता कराडला दवाखाना चालवते. हा प्रश्न मला अंगणवाडीच्या ओट्यावरही विचारला जायचा आणि आजही विचारला जातो. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न (इचलकरंजी): मी ३५ वर्षांची, मिस्टर ३९. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात फ्लूची लस घेतली. मला रात्री ताप भरला. दंड दोन दिवस असा ठणकत होता की केस विंचरायला हात वर जाईना. मिस्टर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यावर गेले. सासूबाई म्हणतात, माझी तब्येतच नाजूक. मिस्टरांना वाटतं, त्यांना लस लागूच पडली नाही. खरं काय?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं. तुमची तब्येत नाजूक आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. आत आलेल्या परक्या वस्तूची तुमच्या शरीरानं चटकन आणि जोरात दखल घेतली, एवढंच झालं. वयात आलेल्या बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतं. दंड सुजणं, ताप, अंगदुखी हे त्रासही बायकांना जास्त होतात आणि बऱ्याच लशींनंतर अँटीबॉडीही, म्हणजे विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनंही, त्यांच्यात जास्त तयार होतात.

याचं एक ठळक उदाहरण सांगते. २००४-०५ च्या हंगामात अमेरिकेत फ्लूच्या लशीचा तुटवडा पडला होता. तिथल्या वॉल्टर रीड या लष्करी वैद्यकीय केंद्रातल्या डॉक्टरांनी १८ ते ६४ वयाच्या अकराशेहून जास्त निरोगी माणसांपैकी काहींना पूर्ण डोस दिला आणि काहींना अर्धा. तुटवड्यात अर्ध्यावर भागेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं. निकाल २००८ मध्ये छापून आला. अर्धा डोस घेतलेल्या बायकांच्या अँटीबॉडी पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास बरोबरीच्या निघाल्या. हे वाचून कुणी दवाखान्यात अर्धा डोस मागू नका. तसा नियम कुठंही झालेला नाही. पण दोन शरीरांमधला फरक किती मोठा असू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

हे होतं कशामुळं? दोन कारणं बऱ्यापैकी पक्की आहेत. पहिलं गुणसूत्रांचं. बाईकडं एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडं एक. प्रतिकारशक्तीची बरीच जनुकं याच एक्सवर बसलेली आहेत. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेला असतो. पण काही जनुकं ही झोप मोडून जागी राहतात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, ओळखणारं टीएलआर-७ हे त्यातलंच एक. काही पेशींत त्याच्या दोन्ही प्रती काम करतात, म्हणजे दारावर पहारेकरीही दोन. दुसरं कारण हार्मोनचं. टेस्टोस्टेरॉन प्रतिकारशक्तीला आवर घालतं. फ्लूचीच लस घेतलेल्या माणसांवर स्टॅनफर्ड विद्यापीठात अभ्यास झाला होता. ज्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त होतं आणि जोडीला चरबीच्या चयापचयाशी संबंधित काही जनुकं जास्त जोरात होती, त्यांच्यात अँटीबॉडी सगळ्यात कमी तयार झाल्या.

बायकांना हे फुकट मिळालेलं नाही. हीच जागरूक यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉइडवर, मूत्रपिंडावर उलटते. ल्युपस या अशाच एका आजाराच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात.

आता मिस्टरांचं. ताप आला नाही म्हणून लस वाया गेली, असं मुळीच नाही. ताप म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांतली धावपळ. अँटीबॉडी तयार करण्याचं काम त्यानंतर काखेतल्या लसिका गाठींमध्ये गुपचूप चालतं आणि त्याला दोनएक आठवडे लागतात. ‘चांगला ताप आला, म्हणजे लस लागू पडली’ असं गावाकडं सर्रास म्हणतात, पण तापाच्या आकड्यावरून संरक्षण मोजता येत नाही. त्यांनाही संरक्षण मिळालेलं आहे, हे त्यांना नक्की सांगा.

या निमित्तानं एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. कोविडच्या लसीकरणात आमच्या भागातल्या बायका डोस घेऊन दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असताना भांगलणीला जात होत्या. आठवड्यानं भेटल्यावर सांगायच्या, ‘बाई, दोन दिस लई वाईट गेलं.’ मग रजिस्टरात का सांगितलं नाही? तर ‘त्यात काय सांगायचं!’ अमेरिकेत लसीकरणाच्या पहिल्या महिन्यात डोस घेतलेल्यांत बायका सुमारे ६१ टक्के होत्या आणि त्रासाच्या ज्या नोंदी झाल्या त्यांत बायकांच्या जवळपास ७९ टक्के. तिथं नोंद झाली म्हणून हा आकडा हाती आला. त्याच अमेरिकेत १९७७ च्या एका सरकारी सूचनेमुळं मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं गेलं होतं. ते धोरण बदललं १९९३ मध्ये. म्हणून ताई, पुढच्या वेळी ताप आला, तर ‘मला असं झालं, तारीख ही, इतका वेळ’ असं दवाखान्यात लिहून द्या. आपण सांगितलं नाही तर ते कुणालाच कळत नाही.

प्रश्न (मानखुर्द, मुंबई): २०२२ च्या शेवटी आमच्या भागात गोवराची साथ होती. माझा नातू तेव्हा सात महिन्यांचा. त्याला तेव्हाच लस दिली, मग नऊ महिन्यांचा झाल्यावर परत आणि सोळा महिने झाल्यावर आणखी एकदा. आता नात सात महिन्यांची आहे, तर सिस्टर म्हणतात नववा महिना लागू दे. नातवाला लवकर चालली, मग नातीला का नाही? मुलगी म्हणून तर नाही ना?

उत्तर: आजी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले. मुलगी म्हणून नाही, याची खात्री बाळगा. पण त्या प्रश्नात एक जुनी आणि दुःखाची गोष्ट दडलेली आहे. तीही सांगते.

आधी नऊ महिन्यांचं. गोवराच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. सिस्टर निळ्या कॅरिअरमधून व्हायल काढतात, सोबतच्या पाण्यात पावडर विरघळवतात, व्हायलवर वेळ टाकतात आणि चार तासांत संपली नाही तर उरलेली फेकून देतात. बाळाच्या उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिली. हा दुबळा विषाणू बाळाच्या अंगात थोडा वाढला, तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. पण पहिले काही महिने बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी असतात. पोटात असताना वारेतून आलेली ती शिदोरी असते. बाळाला त्या जपतात, पण लशीतल्या विषाणूलाही त्या वाढू देत नाहीत. शिवाय बाळाची स्वतःची यंत्रणा अजून कच्ची असते. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या सुमारे ८५ बाळांना लागू पडते, वर्षाच्या बाळांत सुमारे ९५ जणांना. मग वर्षापर्यंतच का थांबू नये? कारण आपल्याकडं गोवर तेवढं थांबत नाही. नववा महिना ही या दोन्ही गोष्टींमध्ये काढलेली तडजोड आहे आणि सुटलेली बाळं सोळा ते चोवीस महिन्यांच्या दुसऱ्या डोसात सापडतात.

त्या साथीत नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होत होता. म्हणून केंद्र सरकारनं साथीच्या भागांपुरता सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यायला सांगितलं. त्याला शून्य डोस म्हणतात आणि तो कार्डावरच्या हिशेबात धरत नाहीत, कारण त्या वयात तो किती टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून नातवाचे पुढचे दोन्ही डोस झाले ते अगदी बरोबर झालं. नातीच्या वेळी साथ नाही, तर तिला नऊ महिने पूर्ण होतील ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि एक दिवसही पुढं ढकलू नका. आणखी एक सांगते. तुमच्या पिढीला बहुतेक गोवर होऊन गेलेला, सुनेच्या पिढीला लस मिळालेली. लस घेतलेल्या आईकडून बाळाला अँटीबॉडी कमी मिळतात आणि त्या लवकर संपतात.

आता ती जुनी गोष्ट. ऐंशीच्या दशकात आफ्रिकेत नऊ महिन्यांच्या आतली बाळं गोवरानं दगावत होती. तेव्हा एक तोडगा निघाला. लशीत विषाणूचं प्रमाण नेहमीच्या कित्येक पट वाढवायचं, म्हणजे आईच्या अँटीबॉडींना पुरून उरेल आणि सहाव्या महिन्यातच देता येईल. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, जिथं गोवरानं फार बाळं जातात तिथं ती वापरायला हरकत नाही असं सांगितलं. लस गोवराला अडवत होती. पण गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि हैती इथल्या बाळांचा पुढं दोन-तीन वर्षं माग ठेवला, तेव्हा दिसलं की ही जोरदार लस घेतलेल्या मुली नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त संख्येनं दगावत होत्या. गोवरानं नाही, इतर आजारांनी. मुलग्यांत तसा फरक नव्हता. गिनी-बिसाऊमध्ये १९७८ पासून घरोघरी जाऊन नोंदी ठेवणारे डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी यांच्या गटानं हे लावून धरलं आणि १९९२ मध्ये ती लस मागं घेतली गेली. मुलींच्याच बाबतीत असं का झालं, यावर संशोधकांचं आजही एकमत नाही.

त्या लशीतल्या विषाणूचा वाण होता एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवराच्या लशीतही हाच वाण असतो, पण नेहमीच्या प्रमाणात, आणि त्या प्रमाणात तो जगभर कोट्यवधी मुलामुलींना सुखरूप दिला गेला आहे. तेव्हा घाबरू नका. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती नोंदवही. मुलगा आणि मुलगी असे दोन रकाने त्या लोकांनी ठेवले होते. एकच रकाना असता, तर मुलींचे ते मृत्यू बेरजेत विरघळून गेले असते.

प्रश्न (नाशिक): मी ५१ वर्षांचा लॅब टेक्निशियन. हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले. तपासणीत अँटीबॉडी ४ आली. लस खराब होती का?

उत्तर: लस खराब असण्याची शक्यता कमी आहे. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली पातळी १० किंवा त्यावर आली की संरक्षण आहे असं धरतात. चाळिशीच्या आत निरोगी माणसांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक ती गाठतात. साठीला पोहोचेपर्यंत हे प्रमाण पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास येतं. पुरुष असणं, वजन जास्त असणं आणि सिगारेट या तिन्ही गोष्टी त्यात आणखी घट करतात. तुम्ही वजनाबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

दुसरं, इंजेक्शन कुठं घेतलं? ही लस दंडाच्या स्नायूत घ्यायची. कुल्ल्यात घेतली तर सुई चरबीतच अडकते आणि प्रतिसाद घटतो. आम्ही इंटर्न असताना एका मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या मुलांना रांगेत उभं करून कुल्ल्यात दिली होती. माझ्या एका वर्गमित्राची पुढं पातळी शून्य निघाली. तोवर त्यानं दोन वर्षं प्रसूतिगृहात आणि कॅज्युअल्टीत काम केलेलं होतं. कुणी त्याला तपासायला सांगितलंच नव्हतं. त्याला काही झालं नाही, पण त्या दोन वर्षांचा विचार केला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तुम्ही तीन डोसांची दुसरी फेरी दंडात पूर्ण करा आणि महिन्याभरानं पुन्हा तपासा. पहिल्या फेरीत नापास झालेल्यांतले बरेच जण दुसरीत पास होतात. तरीही पातळी आली नाही, तर लॅबच्या तुमच्या फाइलमध्ये ते ठळक लिहून ठेवायला लावा. सुई टोचली तर तुम्हाला तयार अँटीबॉडीचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन ताबडतोब लागेल आणि ते त्या क्षणी कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

प्रश्न (बार्शी): मुलगी १३ वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस आता द्यावी की लग्न ठरल्यावर? घरात सगळे म्हणतात, एवढी घाई कशाला?

उत्तर: आत्ताच द्या. लग्नापर्यंत थांबू नये याचं एक कारण सगळेच सांगतात. एचपीव्ही विषाणू अंगात शिरण्याआधी लस घेतलेली असावी लागते. दुसरं कारण तिच्या वयात आहे. नऊ ते चौदा या वयात ही लस जितक्या जोमानं लागू पडते, तितकी नंतर पडत नाही. म्हणून पंधरा वर्षांच्या पुढं तीन डोस ठरलेले होते, तर त्याआधी दोन पुरे. दोन डोस घेतलेल्या लहान मुलीच्या अँटीबॉडी तीन डोस घेतलेल्या तरुण बाईपेक्षा कमी भरत नाहीत. आज थांबलात तर डोस वाढेल आणि खर्चही.

तुम्ही बार्शीच्या, म्हणून हे आवर्जून लिहिते. या लशीचा जगातला एक मोठा अभ्यास तुमच्याच गावातून झाला. तुमचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं, पुणं आणि मुंबईही होती. २००९ मध्ये १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना लस देऊन दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करायची होती. एप्रिल २०१० मध्ये देशात दुसऱ्याच एका एचपीव्ही प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारनं सगळ्याच चाचण्यांमधलं लसीकरण थांबवलं. अर्ध्यावर अडकलेल्या मुलींत जवळपास पाच हजार अशा होत्या, ज्यांना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी या मुलींना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जात राहिले, त्या सासरी गेल्या तिथंही. २०२१ मध्ये निकाल आला. एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एका डोसाचा परिणाम ९५ टक्के, दोनचा ९३ आणि तीनचाही ९३ निघाला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कोवळ्या वयात एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागं ज्या अभ्यासांचा आधार होता त्यांत हाही होता. बार्शी भागातल्या त्या मुली आता तिशीच्या आसपास असतील. तुमच्या शेजारीपाजारी एखादी असेलही. तिच्या दंडावर टोचलेल्या त्या एका सुईमुळं जगातल्या कित्येक मुलींची दुसरी सुई वाचली.

तुमच्या मुलीला किती डोस, हे बाजारात मिळणाऱ्या लशीच्या पत्रकाप्रमाणं तुमचे डॉक्टर सांगतील.

प्रश्न (ठाणे): दीड महिन्याच्या बाळाला लशीआधीच पॅरासिटामॉल दिलं तर चालेल का? म्हणजे ताप येणारच नाही.

उत्तर: आधी देऊ नका. चेक प्रजासत्ताकात साडेचारशेहून जास्त बाळांवर अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केलेल्या बाळांना ताप कमी आला, पण बऱ्याच लशींच्या अँटीबॉडीही कमी आल्या. टोचून घरी आल्यावर ताप आला आणि बाळ कासावीस झालं, तर सिस्टरांनी सांगितलेल्या मापात जरूर द्या. अंगावर पाजत राहा, टोचल्या जागी काही चोळू नका.

प्रश्न (रत्नागिरी): मी ७३ वर्षांचा निवृत्त शिक्षक. पाच वर्षं न चुकता फ्लूची लस घेतो. तरी गेल्या ऑगस्टमध्ये फ्लू झाला, तीन दिवस दवाखान्यात काढले. आता मुलगा म्हणतो, नागिणीची लसही घ्या. म्हातारपणी लशी चालतच नसतील तर पैसे का घालवायचे?

उत्तर: गुरुजी, तुमची तक्रार रास्त आहे. फ्लूची लस तुमच्या वयात तरुणांइतकी चालत नाही, हे मी लपवणार नाही.

छातीच्या मधल्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. आमच्या कराड भागात मी ती टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, तालीम म्हणून समजावते. अस्थिमज्जेतून कच्ची पोरं येतात, इथं घोटून तयार होतात, आपला कोण आणि परका कोण हे शिकतात. ज्यांना ते जमत नाही ती तिथंच बाद होतात. वयात आल्यापासून ही तालीम आकसत जाते आणि सत्तरीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. जुने मल्ल असतात. त्यांना जुने डाव पाठ असतात, म्हणून लहानपणी झालेला गोवर तुम्हाला परत होत नाही. पण फ्लूचा विषाणू दरवर्षी नवा पेच घेऊन येतो आणि त्याच्यासमोर उतरवायला नवा गडी मिळत नाही. त्यात म्हातारपणी अंगात बारीक दाह सतत धुमसत असतो, त्या धुरात खरी हाक ऐकू येत नाही.

म्हणून वृद्धांसाठी वेगळ्या लशी कराव्या लागल्या. फ्लूच्या लशीत चौपट घटक घालून केलेली लस अमेरिका आणि कॅनडातल्या ६५ वर्षांवरच्या सुमारे ३२ हजार लोकांत तपासली, तेव्हा नेहमीच्या लशीपेक्षा फ्लू २४ टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या डॉक्टरांना विचारा, तुमच्या वयासाठी त्यांच्याकडं काय आहे. नेहमीचीच असेल तर तीच घ्या, पण एप्रिल-मे मध्ये. आपल्याकडं फ्लू पावसाबरोबर वाढतो आणि तुमच्या वयात लशीचा जोर काही महिन्यांतच ओसरतो. आणि तीन दिवसांत तुम्ही ऑक्सिजनशिवाय घरी आलात, यातही लशीचा वाटा असणं अगदी शक्य आहे.

घरात नातवंडं आहेत का? त्यांना आधी टोचा. जपाननं १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली. मुलांसाठी सुरू केलेल्या त्या मोहिमेत हिवाळ्यातले म्हाताऱ्यांचे मृत्यू घटले आणि १९९४ मध्ये मोहीम बंद झाल्यावर ते पुन्हा वाढले. मुलांची प्रतिकारशक्ती तरतरीत, लस त्यांना छान लागू पडते. ती आजारी पडली नाहीत की आजोबांपर्यंत विषाणू पोहोचत नाही.

आता नागीण. हिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

२०११ मध्ये माझ्या सासऱ्यांना नागीण झाली. ते ७४ वर्षांचे होते, गावी होते. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पुरळाचा पट्टा उठला. शेजारच्यांनी गेरूचा लेप लावला आणि एकानं सांगितलं, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. त्या भीतीनं ते रात्रभर आरशात पाठ बघत बसायचे. फोड वाळले, पण आग राहिली. चार महिने त्यांना अंगात सदरा सहन होईना. पंख्याचा वारा लागला तरी कळवळायचे. जुन्या धोतराचं मऊ फडकं ओलं करून सासूबाई त्यांच्या बरगडीवर धरून बसायच्या, फडकं सुकलं की परत ओलं. आयुष्यात कुणासमोर डोळ्यांत पाणी न आणलेला माणूस तेव्हा लहान मुलासारखा रडला.

गुरुजी, कांजिण्यांचा विषाणू आपल्या मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर झोपलेला असतो. टी पेशींचा पहारा ढिला पडला की उठतो, तीच नागीण. म्हणून पन्नाशीनंतर नागीण वाढते, बायकांत पुरुषांपेक्षा थोडी जास्तच. तोंड-शेपूट जुळून कुणी मरत नाही. तो पट्टा एका मज्जातंतूच्या वाटेनं जातो आणि सहसा एकाच बाजूला थांबतो.

अमेरिकेत २००६ मध्ये आलेली जुनी लस जिवंत विषाणूची होती. साठ ते एकोणसत्तर वयात ती ६४ टक्के नागीण रोखायची, सत्तरीपुढं फक्त ३८. म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच ती लंगडी पडायची. तुमची शंका त्या लशीबाबत खरी ठरली असती. नवी लस वेगळी आहे. तिच्यात विषाणू नाही, त्याचं एक प्रथिन आहे आणि सोबत प्रतिकारशक्तीला खडबडून जागं करणारी दोन द्रव्यं. त्यातलं एक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आमच्याकडं हलगी कडाडल्याशिवाय आखाडा भरत नाही, तसंच हे. हलगी ऐकून जुने मल्लसुद्धा लांग कसून उभे राहतात. पन्नाशीपुढच्या लोकांत ही लस ९७ टक्के नागीण रोखते आणि सत्तरीपुढच्यांतही सुमारे ९० टक्के. वयाबरोबर इतकी कमी घसरणारी दुसरी लस माझ्या माहितीत नाही.

भारतात ती २०२३ पासून मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. एका डोसाला हजारो रुपये पडतात आणि निवृत्तिवेतनात ते सोपं नाही, हे मला कळतं. टोचल्यावर एक-दोन दिवस दंड चांगलाच दुखेल, अंग मोडून येईल. पण मुलगा पैसे देतो म्हणत असेल तर त्याचं ऐका.

आणि लस घ्यायची राहिली तर एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एका बाजूला आग होऊन पट्ट्यात फोड उठले की ७२ तासांच्या आत डॉक्टरकडं जायचं. तेवढ्यात विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर दुखणं पुष्कळ आटोक्यात राहतं. आमच्या घरी मला फोन आला तो सहाव्या दिवशी.